पहिली नोकरी गेलेल्या वैमानिकाने आधी काय जपावं

किंगफिशरची उड्डाणं ऑक्टोबर २०१२मध्ये थांबली. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९च्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालं. २५ मार्च २०२०पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमानसेवाच बंद होती. गो फर्स्टची विमानं ३ मे २०२३पासून जागेवर उभी राहिली. त्याआधीच्या पिढीने ईस्ट-वेस्ट, दमानिया आणि मोदीलुफ्त बंद पडताना पाहिल्या होत्या. तेव्हा भारतात हा पेशा धरणाऱ्याने तीस-पस्तीस वर्षांच्या कारकिर्दीत निदान एकदा तरी पायाखालची जमीन सरकेल, हे धरूनच चालावं. ती पहिल्या दोन-तीन वर्षांत सरकली तर घाव जास्त खोल बसतो. तेव्हा डोक्यावर कर्ज असतं, गाठीशी पैसा नसतो आणि लॉगबुकात तासही थोडेच असतात. फर्स्ट ऑफिसर म्हणून नुकते रुळू लागलेले, पाचशे ते आठशे तासांच्या आसपास पोहोचलेले आणि ज्यांना एके दिवशी रोस्टर कोरं दिसलं असे जे तरुण वैमानिक आहेत, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे.

नोकरी गेली की कुणालाही दोन चिंता लागतात, पैशाची आणि पुढच्या कामाची. वैमानिकाला तिसरीही करावी लागते आणि नेमकी तीच मागे पडते. हिशेबनीस वर्षभर घरी बसला तरी हिशेबनीसच राहतो. वैमानिकाची पात्रता मात्र तारखांवर उभी असते. मेडिकलची तारीख, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची तारीख, शेवटच्या सिम्युलेटर चेकची तारीख, शेवटच्या लँडिंगची तारीख. कंपनीत असताना या तारखा ट्रेनिंग विभाग सांभाळतो आणि रोस्टरवर आपोआप सिम्युलेटरचे दिवस पडतात. कंपनी गेली की हा पहारेकरीही जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की पहिल्या काही महिन्यांतला प्रत्येक निर्णय, मग तो पैशाचा असो वा कामाचा, या तारखांकडे बघून घ्यावा. सगळ्या तारखा राखणं परवडणार नाही. म्हणून जी तारीख चुकली तर भरपाई सर्वांत महाग पडते, ती आधी राखावी.

याकडे वळण्याआधी एक गैरसमज मनातून काढून टाकायला हवा. कपात झाली याचा अर्थ आपण कमी पडलो असा नाही. कपात करताना कंपनी बहुधा ज्येष्ठतेचा क्रम बघते, त्यामुळे शेवटी आलेला पहिला जातो. कंपनीच बुडाली तर कुशल-अकुशल सगळेच एका दिवसात रस्त्यावर येतात. मात्र त्यानंतरच्या बाजारात फरक पडतो. विमान कंपन्यांना तुटवडा भासतो तो अनुभवी कमांडरांचा. नव्या परवानाधारकांची रांग लांबच असते. २०२३ या एका वर्षात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) सोळाशेहून जास्त व्यावसायिक वैमानिक परवाने दिले. एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवान्यासाठी १,५०० तास लागतात आणि तिथवर पोहोचलेल्याचं वजन वेगळं असतं. पाचशे-आठशे तासांचा फर्स्ट ऑफिसर या दोन टोकांच्या मध्ये अडकतो. तरीही नवख्यांच्या तुलनेत त्याच्याकडे दोन भक्कम गोष्टी असतात, टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता) आणि प्रत्यक्ष लाइनवर प्रवासी विमान उडवल्याचा अनुभव. नव्या कंपनीच्या दृष्टीने त्याला तयार करणं स्वस्त पडतं. पण हा फायदा त्याची पात्रता चालू असेतोवरच टिकतो. वर्ष-दीड वर्ष सगळ्या तारखा उलटू दिल्या, तर तोही जवळजवळ त्या लांब रांगेत जाऊन उभा राहतो.

आता तारखांचा क्रम. पहिला नंबर क्लास वन मेडिकलचा. चाळिशीच्या आतल्या वैमानिकाला ते साधारण वर्षभर चालतं. खर्च काही हजारांत आटोपतो आणि ते नसेल तर परवाना वापरताच येत नाही. ‘विमान उडवायचंच नाही, तर मेडिकल कशाला?’ असा विचार करून बरेच जण ते लांबवतात. इथेच फसगत होते. मेडिकलमध्ये काही निघालं, वाढलेला रक्तदाब, साखर, वजन, तर तात्पुरतं अनफिट ठरवतात आणि फेरतपासणीत आठवडे, कधी महिने जातात. घरी बसलेलं असताना ही गोष्ट कळली तर ते महिने तसेही रिकामेच असतात. नव्या कंपनीचा फोन आल्यावर कळली, तर ती जागा दुसऱ्याला मिळते. म्हणून मुदत संपायच्या आधी, खिशात पैसे कमी असले तरी, मेडिकल करून घ्यावं.

दुसरा नंबर इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा (आयआरचा). त्याची मुदत एका वर्षाची. नूतनीकरणासाठी सिम्युलेटर किंवा मल्टी-इंजिन विमान लागतं, परीक्षकाचं मानधन लागतं, आधी सरावाचे तास लागतात आणि हिशोब लाखांत जातो. तिसरी ती ‘रिसन्सी’, म्हणजे नव्वद दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग. ही तर नोकरी गेल्यावर तीन महिन्यांत संपणारच. तिच्यामागे धावू नये. कोणतीही कंपनी नव्या वैमानिकाला लाइनवर सोडण्याआधी स्वतःच्या पद्धतीने सिम्युलेटरवर घेते आणि त्यातच हे भरून निघतं. रिसन्सी राखण्यासाठी स्वतःच्या खिशातून दर तीन महिन्यांनी मोठ्या विमानाचा सिम्युलेटर भाड्याने घेणारे वैमानिक जिद्दी असतील, पण त्यांचा पैसा चुकीच्या जागी जातो.

‘पगार बंद झालेल्याला आयआरवर लाख-दोन लाख घालायला सांगणं सोपं आहे,’ असं कुणी म्हणेल आणि ते खरं आहे. म्हणून आयआरचा निर्णय आंधळेपणाने घेऊ नये. रेटिंगची मुदत संपायला सहा-आठ महिने असतील तर घाई नाही. मुदत संपत आली असेल आणि बाजारात भरती चालू असेल, तर हा खर्च करावाच, कारण बहुतेक जाहिरातींत चालू आयआर ही अटच असते. भरती सगळीकडेच थंड असेल, जशी २०२०च्या उन्हाळ्यात होती, तर रेटिंग संपू द्यावं, त्यासाठीची रक्कम बाजूला काढून ठेवावी आणि भरतीची चाहूल लागताच चेक द्यावा. संपलेलं आयआर पुन्हा मिळवता येतं, फक्त त्याची तयारी जास्त लागते. ती रक्कम मात्र घरखर्चात वितळू देऊ नये. दोन-तीन मित्रांनी मिळून गुरुग्राम, ग्रेटर नोएडा किंवा बंगळुरूला सिम्युलेटरचा वेळ विभागून घेतला, तर खर्चही वाटला जातो आणि एकमेकांचं उड्डाण बघून शिकायलाही मिळतं.

हात आणि डोकं चालू ठेवायला पैसा लागत नाही, शिस्त लागते. कॉकपिटचं मोठं पोस्टर भिंतीवर लावावं, समोर खुर्ची टाकावी आणि रोज अर्धा तास हात फिरवावा. ओव्हरहेड पॅनेलची प्राथमिक तयारी, इंजिन सुरू करतानाचा क्रम, टॅक्सीच्या आधीच्या गोष्टी, आणि प्रत्येक ठिकाणी मोठ्याने कॉलआउट. एअरबस ए३२०चा वैमानिक असेल तर स्टॉल रिकव्हरी, अनरिलायेबल स्पीड, विंडशिअर, लॉस ऑफ ब्रेकिंग, इमर्जन्सी डिसेंट या मेमरी आयटम झोपेतून उठवलं तरी शब्दशः म्हणता आल्या पाहिजेत. विमान बदललं तरी ही सवय वाया जात नाही. मुलाखतीनंतरच्या सिम्युलेटर मूल्यांकनात परीक्षक पहिल्या दहा मिनिटांत ओळखतो की हा माणूस मधल्या काळात कॉकपिटपासून किती दूर गेला होता. तिथे मिळणारी संधी बहुधा एकच असते.

याइतकंच महत्त्वाचं, किंबहुना वेळेच्या दृष्टीने सर्वांत आधीचं काम कागदपत्रांचं आहे. कंपनी डगमगू लागल्याची पहिली कुजबुज कानावर पडली की त्याच आठवड्यात हे करावं. कंपनीचा मेल, रोस्टरची प्रणाली, ट्रेनिंगचं पोर्टल एका सकाळी बंद होतं. लॉगबुकात शेवटच्या महिन्यांचे तास भरलेले असतात, पण त्यावर कंपनीच्या अधिकृत माणसाची सही-शिक्का नसतो. जिथे सही करायची ते कार्यालय बंद होतं, चीफ पायलट दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो आणि ते तीनशे तास खरे असूनही कागदावर सिद्ध करणं मुश्कील होतं. म्हणून लॉगबुक शेवटच्या सेक्टरपर्यंत प्रमाणित करून घ्यावं. डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवरच्या नोंदी आणि हातातल्या वहीतल्या नोंदी जुळतात का, ते तारीखवार पाहावं. टाइप रेटिंगच्या ट्रेनिंगचे कागद, प्रत्येक पीपीसी (पायलट प्रोफिशियन्सी चेक) आणि आयआर चेकचे फॉर्म, लाइन ट्रेनिंगचा अहवाल, सीआरएम, डेंजरस गुड्स यांसारख्या कोर्सची प्रमाणपत्रं, पगाराच्या सगळ्या पावत्या, फॉर्म १६ आणि नेमणुकीचा करार यांच्या प्रती स्वतःच्या मेलवर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवाव्यात. सेवेचा दाखला आणि एनओसी लेखी मागावी. एनओसी नसेल तर दुसरी कंपनी घ्यायला कचरते आणि ती देणारं कुणी उरलं नाही की मग डीजीसीएकडे अर्ज-विनंत्या करत बसावं लागतं.

राजीनाम्याचा कागद मात्र घाईने देऊ नये. डीजीसीएच्या २०१७च्या नियमानुसार नोकरी सोडताना फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कमांडरला एका वर्षाची. पगार थकवणाऱ्या कंपनीत ही नोटीस गळ्यात अडकते हे खरं. पण राजीनामा द्यायचा, की कंपनीने सेवा संपवल्याचं पत्र मिळण्याची वाट पाहायची, यावर थकीत रकमेचा हक्क, बाँड आणि कर हे सगळं अवलंबून असतं. एअर इंडियाच्या चाळीसहून अधिक वैमानिकांनी २०१९ आणि २०२०मध्ये दिलेले राजीनामे नोटिशीच्या काळातच मागे घेतले होते. तरी ऑगस्ट २०२०मध्ये कंपनीने त्यांना काढलं. जून २०२१मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द करून त्यांना परत घ्यायला सांगितलं. त्यांच्या बाजूला तारखेनिशी लेखी पत्रव्यवहार होता. फोनवर दिलेल्या आश्वासनाला न्यायालयात फारसं वजन नसतं. टाइप रेटिंगसाठी कंपनीला बाँड दिला असेल, कोरे किंवा पुढच्या तारखांचे धनादेश दिले असतील, बँक हमी दिली असेल, तर करार वकिलाला दाखवून ते परत मागण्याचं पत्र पहिल्या महिन्यातच धाडावं.

कंपनी दिवाळखोरीत गेली तर कर्मचाऱ्यांनाही दावा दाखल करावा लागतो. नेमलेला रिझोल्यूशन प्रोफेशनल वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. त्यात दिलेल्या मुदतीत फॉर्म डी भरून थकीत पगाराचा दावा पुराव्यासह पाठवायचा असतो. हे काम एका संध्याकाळी होतं, ते करून टाकावं आणि मग त्या पैशाला घराच्या अंदाजपत्रकातून पुसून टाकावं. जेटचं प्रकरण जून २०१९मध्ये न्यायाधिकरणात दाखल झालं आणि सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवण्याचा आदेश दिला तो नोव्हेंबर २०२४मध्ये. गो फर्स्टबाबत तसाच आदेश जानेवारी २०२५मध्ये झाला. थकीत पगार एवढ्या वर्षांनी, तोही बहुधा तोडकामोडका मिळतो. भविष्यनिर्वाह निधीचं तसं नाही. तो कंपनीच्या मालमत्तेत धरला जात नाही आणि जेटच्या प्रकरणात पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा कर्मचाऱ्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. म्हणून यूएएन चालू आहे का, कंपनीने खरंच हप्ते भरलेत का आणि नोकरी सुटल्याची तारीख नोंदवली आहे का, हे आधी बघावं. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर एरवी कर लागतो. पण धंदा बंद झाल्यामुळे किंवा स्वतःच्या हाताबाहेरच्या कारणाने नोकरी गेली असेल तर प्राप्तिकर कायद्यात सूट आहे. पुष्कळांना हे माहीत नसतं. सेवा संपल्याचं पत्र जपून ठेवायचं ते यासाठीही. सीएला ते दाखवूनच अर्ज करावा.

कर्जाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण वैमानिकाच्या घरात रात्रीची झोप उडते ती याच कारणाने. परवाना आणि टाइप रेटिंग मिळून खर्च पाऊण कोटी ते कोटीच्या घरात जातो. त्यासाठी बहुतेक घरांत वडिलांचा फ्लॅट किंवा गावचं घर तारण असतं. हप्ता चुकू लागला की मुलगा घरी सांगत नाही, वडील बँकेचा फोन घेत नाहीत आणि तीन महिने असेच जातात. नव्वद दिवस हप्ता थकला की बँक ते कर्ज बुडीत वर्गात टाकते. त्यानंतर शाखाधिकाऱ्याची इच्छा असली तरी त्याचे हात बांधलेले असतात. नव्वद दिवसांच्या आत, शक्यतो पहिला हप्ता चुकायच्या आधीच, कपातीचं पत्र घेऊन शाखेत जावं आणि लेखी अर्जाने मुदत वाढवून मागावी, काही महिने फक्त व्याज भरण्याची सवलत मागावी, पुनर्रचनेची विचारणा करावी. बँकेलाही घर लिलावात काढण्यापेक्षा हे सोयीचं असतं. क्रेडिट कार्डावर किंवा अॅपवरून मिळणाऱ्या झटपट कर्जावर शैक्षणिक कर्जाचा हप्ता भरणं म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणं. आईवडिलांना एक विनंती. लग्नाकार्यात भेटणाऱ्या नातेवाइकांना काय उत्तर द्यायचं याची काळजी मुलांवर टाकू नका. त्यांना या काळात हिशोबाला बसणारं कुणीतरी शेजारी हवं असतं.

कंपनीचा गट आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येतो का, ते मुदतीत विचारावं. ‘लॉस ऑफ लायसन्स’ विमा काढला असेल तर त्यावर भिस्त ठेवू नये. तो प्रकृतीच्या कारणाने परवाना गेला तर मिळतो, नोकरी गेली म्हणून मिळत नाही.

आता सर्वांत महागड्या मोहाकडे येऊ. नोकरी गेली की पहिल्या पंधरवड्यात कुणीतरी सुचवतंच की रिकामा वेळ आहे तर दुसऱ्या विमानाचं टाइप रेटिंग करून टाक, दोन टाइप असले की मागणी दुप्पट. ऐकायला हे पटतं. पण गेल्या काही वर्षांचा अनुभव दुसरंच सांगतो. जेट बंद पडली तेव्हा तिचा बराचसा ताफा बोइंग ७३७चा होता. त्याच्या महिनाभर आधी, मार्च २०१९मध्ये, ७३७ मॅक्स जगभर जमिनीवर उतरवलं गेलं होतं. दुसरीकडे इंडिगो आणि गो एअर (पुढची गो फर्स्ट) एअरबस ए३२०वर भराभर वाढत होत्या. त्या परिस्थितीत ७३७च्या तरुण वैमानिकाने वीसेक लाख उसने काढून ए३२०चं रेटिंग करावं, हे अगदी तर्कशुद्ध वाटलं असतं. असं रेटिंग २०१९च्या अखेरीस हातात आलं असतं आणि मार्च २०२०मध्ये सगळंच ठप्प झालं. उलट २०२२च्या ऑगस्टमध्ये आकासा एअर सुरू झाली ती ७३७ मॅक्सवर. २०२३च्या फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली, त्यातही १९० मॅक्स होती. जे रेटिंग २०१९मध्ये अडगळीत गेल्यासारखं वाटत होतं, त्यालाच तीन-चार वर्षांत पुन्हा भाव आला. गो फर्स्टच्या वैमानिकांचं नशीब याहून बरं. त्यांचं विमान ए३२० होतं आणि कंपनी बंद पडल्यावर महिना-दीड महिन्यातच, जून २०२३मध्ये, इंडिगोने त्याच घराण्यातल्या ५०० विमानांची मागणी नोंदवली. म्हणजे कोणतं टाइप केव्हा चालेल, हे तरुण वैमानिकाच्या अंदाजाबाहेरच्या गोष्टींवर ठरतं.

दुसरं रेटिंग करून नोकरी मिळाल्याची उदाहरणं असतात, नाही असं नाही. पण असं रेटिंग करून ज्यांचं नुकसान झालं ते आपली गोष्ट सांगत फिरत नाहीत. हातात नव्या कंपनीचं लेखी नेमणूकपत्र असेल, त्यात रेटिंगनंतर कधी रुजू करून घेणार हे स्पष्ट असेल आणि आधीचं कर्ज आटोक्यात असेल, तरच या वाटेला जावं. कुणी मध्यस्थ पैसे घेऊन ‘सीट पक्की’ करून देतो म्हणाला, किंवा पैसे भरून तास मिळवा अशी परदेशी योजना समोर ठेवली, तर तिथूनच परत फिरावं. नोकरी गेलेल्या वैमानिकांच्या यादीवर डोळा ठेवून असणारे लोक याच आठवड्यांत फोन करतात. परदेशी जाण्याचंही तसंच. आखाती किंवा आग्नेय आशियातल्या कंपन्यांनी भारतीय वैमानिक घेतले आहेत, पण प्रामुख्याने अनुभवी. पाचशे-आठशे तासांवर, परवाना तिथल्या नियमांत रूपांतरित करण्याचा खर्च आधी स्वतः करून तिथे जाऊन नोकरी शोधणं बहुतेकांना परवडत नाही.

मग मधल्या काळात करायचं काय? पोट भरेल ते काम करावं आणि त्यात निवडायला वाव असेल तर विमानाच्या जवळचं निवडावं. बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर, नागपूर इथे उड्डाण प्रशिक्षण चालतं. असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग घेऊन तिथे शिकवायला लागलं तर पगार बेताचा असतो, पण तास वाढतात, हात चालू राहतो आणि दुसऱ्याला शिकवताना स्वतःचं कच्चं कुठे आहे ते उघडं पडतं. माझ्या मते नोकरी गेलेल्या फर्स्ट ऑफिसरने दुसऱ्या टाइप रेटिंगच्या आधी याचा विचार करावा. डीजीसीएच्या परीक्षांचे विषय शिकवणारे क्लास मुंबई-पुण्यात आहेत. तिथे हवामानशास्त्र किंवा नेव्हिगेशन शिकवता येतं. फ्लाइट डिस्पॅच, ऑपरेशन्स कंट्रोल, सेफ्टी विभाग, सिम्युलेटर केंद्रातलं काम, चार्टर कंपन्यांमधल्या जागा, हे सगळं आसपासचंच क्षेत्र आहे. ज्यांच्याकडे आधीची अभियांत्रिकीची पदवी आहे त्यांनी ती वापरायला अजिबात संकोचू नये.

वैमानिकाने दुसरं काम धरलं तर पुढच्या मुलाखतीत निष्ठा कमी असल्याचं समजतील, अशी भीती पुष्कळांना वाटते. ती रास्त नाही. २०२०नंतर भरती करणाऱ्या प्रत्येकाने अशी अर्जदारांची रांग पाहिली आहे, ज्यांनी मधल्या काळात काहीतरी वेगळं केलं होतं. मुलाखतीत प्रश्न येतो तो मधल्या काळात स्वतःला कसं तयार ठेवलंत याचा. ‘दीड वर्ष विमा कंपनीत होतो, दोन्ही वेळा मेडिकल वेळेवर केलं, फेब्रुवारीत सिम्युलेटरवर आयआर दिलं’, हे उत्तर कोणत्याही परीक्षकाला आवडेल. ‘कंपनी परत उभी राहील म्हणून थांबलो होतो’, या उत्तरातून काहीच निष्पन्न होत नाही. जेटच्या बाबतीत पुनरुज्जीवनाच्या बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या आणि शेवटी प्रवासी सेवा पुन्हा सुरू झालीच नाही.

शरीराचं आणि मनाचं काय होतं, हेही मेडिकलच्याच तारखेशी जोडलेलं आहे. रात्री उशिरा झोपणं, व्यायाम सुटणं, मित्रांच्या बैठकी वाढणं आणि वजन सहा-सात किलोंनी वर जाणं, हे कपातीनंतरच्या वर्षात सर्रास घडतं आणि सगळं रक्ततपासणीत दिसतं. मन खचलं तर वैमानिक डॉक्टरकडे जायला कचरतो, कारण औषधाचं नाव नोंदलं गेलं की परवाना जाईल ही धास्ती. त्यापायी तो स्वतःच्या मनाने झोपेच्या गोळ्या घेतो, ते अधिक घातक. समुपदेशकाकडे जाणं म्हणजे अनफिट ठरणं नव्हे. औषध लागलंच तर विमानवैद्यकाची माहिती असलेल्या डॉक्टरला विचारून घ्यावं आणि पुढच्या मेडिकलमध्ये ते लपवू नये. कंपनीची पीअर सपोर्टची सोय नोकरीबरोबर जाते, म्हणून बॅचमधल्या चार-पाच जणांनी आठवड्याला एकदा ठरवून बोलावं. अशा गटांतून भरतीच्या बातम्याही जाहिरातींच्या आधी कळतात.

किती दिवस थांबायचं, याचं उत्तर प्रत्येक घराच्या ऐपतीवर आहे, पण ते आधीच ठरवावं आणि घरच्यांसमोर बोलून ठरवावं. हे क्षेत्रच बेभरवशाचं, वेळेत बाहेर पडलेलं बरं, असं म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. ज्याच्या कर्जाचा हप्ता आईवडिलांच्या निवृत्तिवेतनातून जात असेल, त्याने वर्षभराच्या वर नुसतं वाट बघत बसू नये. पण बाहेर पडण्याचा निर्णय खचलेल्या अवस्थेत, पहिल्या तीन महिन्यांत घेऊ नये. विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर पुरेसे वैमानिक नसल्याने डिसेंबर २०२५मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. देशाची विमानसेवा वैमानिकांच्या संख्येवर किती अवलंबून आहे, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. ही मागणी परत येते. ती कोणत्या महिन्यात येईल, एवढंच सांगता येत नाही. आणि दोन-चार वर्षं दुसऱ्या पेशात गेली म्हणून परतीचा रस्ता कायमचा बंद होत नाही. २०२३मध्ये बदललेल्या नियमानुसार व्यावसायिक वैमानिक परवान्याची मुदत आता पाच ऐवजी दहा वर्षांची आहे.